डाव्या पायाचा पुसट ठसा

सांभाळबाईला पायांची किळस येत नसे असं कुणी म्हणालं, तर ते धादांत खोटं समजावं. येत असे, आणि पोटातून येत असे. दिवसाला चौदा-पंधरा माणसं तिच्यापुढे मोजे काढत. घामानं पांढरेफटक पडलेले तळवे, टाचांच्या भेगांत बसलेला काळा मळ, पिवळी पडून शिंगासारखी वळलेली नखं, हे सगळं तिला हातात धरून नीट जागेवर ठेवावं लागे. काही लोक शरमेपोटी यायच्या आधी पायांना पावडर फासत. ती बोटांच्या बेचक्यांत भिजून तिचा लगदा होई, आणि तो पुसायचं काम अर्थातच सांभाळबाईचं. हातमोजे असत, पण वास काही हातमोज्यांना जुमानत नाही.

घरी सासूबाई दाराशीच विचारत, "आज किती जणांचे चिवडलेस?"

"चौदा."

"त्यातले धुतलेले किती?"

"दोन."

"कोपरापर्यंत धू. आणि कणकेला हात नको लावूस, मी मळते."

खरं नाव तिला होतंच, पण ती काम करी त्या स्कॅन सेंटरमध्ये ते कुणी वापरत नसे. दर दुसऱ्या वाक्याला तिच्या तोंडून 'सांभाळून' निघे, म्हणून तिथल्या मुलींनी तिला सांभाळबाई करून टाकलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. ती होतीच तशी. चौदा वर्षांच्या लेकीला जिना उतरताना ती अजूनही कठडा धरायला लावी. लेक म्हणे, "आई, आता कठडाच मला ओळखतो, आपणहून हात पुढे करतो." सांभाळबाई हसे आणि पुन्हा म्हणे, "तरी धर."

तिचं मशीन फक्त पायांचं होतं. माणसाला आडवं करून बोगद्यात सरकवतात, ते सीटी स्कॅन शेजारच्या खोलीत. तिच्या खोलीत माणूस अनवाणी पायांनी एका गुळगुळीत काळ्या फळीवर उभा राही. त्याच्या पोटऱ्यांभोवती एक जाडजूड पांढरं कडं येऊन बसे, मिनिटभर गुरगुरे, आणि मग पडद्यावर घोट्याची, टाचेची, तळव्याची हाडं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येत. उभं करण्यामागे कारण होतं. माणूस आडवा झाला की पायाची हाडं पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलांसारखी गुपचूप जागच्या जागी बसतात. अंगाचा भार पडला की मग त्यांचे खरे गुण कळतात. कुठे फट पडते, कुठे हाड हाडावर घासतं, कुठे टाच बाहेर कलते. पायाच्या बऱ्याच दुखण्यांचा पत्ता भाराशिवाय लागतच नाही. हे तिला शिकवलेलं होतं आणि ती ते आलेल्या प्रत्येकाला सांगतही असे.

मशीन आलं त्या पहिल्याच महिन्यात एक निवृत्त मास्तर त्या फळीवर चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके पडले. रक्त सांभाळबाईनंच पुसलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या वळणदार अक्षरात एक पाटी लिहिली, 'बार घट्ट धरा', आणि फळीसमोरच्या लोखंडी बारच्या वर चिकटवली. सेंटरचे मालक स्वतः डॉक्टर, फोटो वाचून रिपोर्ट लिहिणारे. ते पाटी पाहून म्हणाले, "छान केलंत. पडलं कुणी तर निस्तरायचं आपल्यालाच." त्यानंतर चार वर्षांत तिच्या खोलीत कुणी पडलं नाही. ह्याचा तिला फार अभिमान होता.

मग एका सोमवारी इस्त्रीवाली आली.

ती एका मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे येत. तिचं काम, ओल्या चादरीची दोन टोकं पकडून ती तापलेल्या रोलरमध्ये सरळ सरकवायची, आठ तास, उभ्यानं. दीड वर्षामागे साबणाच्या पाण्यावरून घसरून तिचा डावा पाय पुढच्या बाजूनं मुरगळला होता. सूज उतरली, दुखणं उतरलं नाही. झोपवून काढलेला सीटी चांगला आला. मग अकरा महिन्यांमागे इथे, ह्याच फळीवर, उभ्यानं काढलेलाही चांगला आला. आता तिनं बसून करायचं काम मागितलं होतं. कारखान्यानं गुरुवारी वैद्यकीय समितीपुढे बोलावलं होतं, आणि त्याआधी शेवटची तपासणी म्हणून पुन्हा इथे धाडलं होतं.

"समितीत काय होणार?" सांभाळबाईनं तिचा मोजा उतरवता उतरवता विचारलं. मोज्याला भोक होतं आणि त्यातून आलेला अंगठा वाफेनं शिजल्यासारखा सुरकुतला होता.

"काय व्हायचं. फोटोत काही निघालं तर इलाज कारखान्याचा आणि बसायची जागा. नाही निघालं तर रोलरवर परत, नाहीतर राजीनामा. सुपरवायझर म्हणतो, तुझ्या पायापेक्षा तुझं तोंडच जास्त चालतं. नाटकी म्हणतो मला."

"उभं राहिलं की कुठे दुखतं?"

"इथे, वरच्या बाजूला. अंगठ्याच्या मागं. कुणी पाचर ठोकावी तसं."

"बरं. सांभाळून चढा. बार घट्ट धरा हं."

इस्त्रीवालीनं बार धरला. कडं फिरलं, गुरगुरलं, थांबलं. सांभाळबाईनं काचेपलीकडून पाहिलं, बाई पडली नाही. फॉर्मवर एक ओळ असे, 'पायावर भार: पूर्ण / अर्धवट'. तिनं सवयीनं 'पूर्ण'वर खूण केली, बाईला खुर्चीवर बसवलं, आणि स्पिरिटचं फडकं घेऊन फळी पुसायला वाकली.

हे काम तिला सगळ्यात नकोसं. काळ्या फळीवर घामाचे ठसे उठत, बोटांसकट, कधी कधी कातडीच्या पापुद्र्यांसकट. ती नाक वळवून, न बघता एका दमात पुसून मोकळी होई. त्या दिवशी खिडकीची तिरीप नेमकी फळीवर पडली होती, म्हणून नजर गेली. उजव्या पायाचा ठसा पुरा होता. टाच, कड, पाच बोटं, सगळं ओलं, ठसठशीत. डाव्याचा ठसा म्हणजे टाचेची एक फिकट टिकली आणि करंगळीशी जरासा ओलावा. बस्स.

एकच बाई, एकच घाम, आणि एक पाय फळीला नुसता टेकून गेला होता.

सांभाळबाई फडकं हातात घेऊन तशीच वाकून राहिली. मग तिनं वळून इस्त्रीवालीच्या हातांकडे पाहिलं. ओल्या चादरी ओढून ओढून दोरखंडासारखे झालेले दंड. तळव्यांवर बारच्या धातूचे लाल वळ उठलेले.

"तुम्ही बार कसा धरला होतात?"

"तुम्ही सांगितलात तसा. घट्ट."

बाहेरच्या खोलीत वजनाचा काटा होता. सांभाळबाई तो घेऊन आली, फळीवर डाव्या बाजूला ठेवला, उजव्या बाजूला तेवढ्याच उंचीचं एक लाकडी फळकूट ठेवलं. "चढा. मघासारखंच धरा. अगदी मघासारखं." काटा नऊ किलोवर थांबला. मग तिनं अदलाबदल केली. उजव्या पायाखाली सदतीस. बाईचं वजन चौसष्ट. उरलेले अठरा किलो बारला लोंबकळत होते.

"आता हात सोडा. छातीशी बांधा. मी मागं उभी आहे."

"दुखतं हो."

"माहीत आहे. म्हणूनच."

हात सुटले तसा डाव्या पायाखालचा काटा वर चढला. वीस, तेवीस, सव्वीस. इस्त्रीवालीच्या कपाळावर घाम फुटला, पण ती उभी राहिली. सांभाळबाईनं काटा आणि फळकूट काढलं, तिला तसंच हाताची घडी घालून फळीवर उभं केलं आणि पुन्हा फोटो घेतला. ते मिनिट तिला फार लांब वाटलं.

पडद्यावर दोन्ही फोटो तिनं शेजारी शेजारी उघडले. पहिल्यात डाव्या पायाची हाडं उजव्यासारखीच शहाणी. दुसऱ्यात अंगठ्याचं लांब हाड आणि शेजारचं हाड मुळाशी एकमेकांपासून सरकलेली. उजव्या पायापेक्षा तीन मिलिमीटर जास्त फट. पाचर म्हणाली होती बाई. पाचरीचीच जागा होती ती.

चार वर्षं ती हे ठसे पुसत आली होती. ज्याचा पाय दुखतो तो त्या पायावर उभा राहणार नाही, हे कळायला कॉलेजची पदवी लागत नाही. हाती काही आधार दिला की शरीर आपणहून दुखरा पाय उचलून घेतं, माणसाच्या नकळत. आणि आधार तीच देत होती, वर 'घट्ट' म्हणून बजावत होती. मग जे पाय उभेच राहिले नाहीत त्यांच्या फॉर्मवर 'पूर्ण' अशी खूण करत होती. त्या क्षणी तिला स्वतःच्या त्या प्रेमळ, मऊ आवाजाचा जेवढा वीट आला, तेवढा कुणाच्या सडक्या नखाचा कधी आला नव्हता.

डॉक्टर आपल्या अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसले होते. नुकतं जेवण झालेलं. कीबोर्डच्या फटींत कण अडकले होते. कागदाची क्लिप सरळ करून ते दात कोरत होते, आणि निघालेलं पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते.

"एकाच पेशंटचे दोन का?"

"पहिला चुकला होता."

"हलली का ती?"

"नाही. उभीच राहिली नव्हती."

"मग काय तरंगत होती?"

"हातांवर उभी होती, सर. मी काट्यावर पाहिलं. डाव्या पायावर नऊ किलो." तिनं दुसरा फोटो पुढे केला. "हात सोडल्यावर हे."

डॉक्टरांनी फोटो फिरवला, मोजला, पुन्हा मोजला. डोळा त्यांचा चांगला होता, तो मान देण्यासारखा होता. ते खुर्चीत मागे रेलले.

"फट आहे. लिहितो. अकरा महिन्यांमागं नव्हती, आता आहे. म्हणजे मधल्या काळात नवीन दुखापत."

"नवीन नाही. तेव्हाही तिनं बारच धरला होता. मीच धरायला लावला होता."

"ते तुम्ही म्हणता. माझ्या सहीचा रिपोर्ट सांगतो की दोन्ही पाय सारखे. मी स्वतःला खोटं पाडू?"

"नवीन लिहिलंत तर कारखाना म्हणेल घरी पडली. तिला ना इलाज ना खुर्ची."

"तिला काय मिळतं ते बघायला समिती आहे. आपण फोटो काढतो." क्लिपचं टोक त्यांनी रुमालाला पुसलं आणि खिशात ठेवलं. पुन्हा लागेल म्हणून. "आणि आज ह्या एकीचं कबूल केलंत, तर उद्या चार वर्षांचे सगळे दारात उभे राहतील. पाय घेऊन."

सेंटरमध्ये सांभाळबाईला आजवर वरच्या पट्टीत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. आत्ताही पट्टी चढली नाही, फक्त तिनं 'सांभाळून' हा नेहमीचा शब्द वापरला नाही.

"आजचेच दोन फोटो आहेत, सर. मधे दहा मिनिटं. एकात फट नाही, एकात आहे. नवीन दुखापत म्हणायची तर ती ह्या दहा मिनिटांत, माझ्या खोलीत झाली असं लिहावं लागेल. लिहा. मग खोलीचा आणि मशीनचा मालक म्हणून त्याचं उत्तरही द्या."

डॉक्टरांनी दोन्ही फोटोंखालची वेळ पाहिली.

"मी दोन्ही फोटो सीडीत घालणार. आजच्या फॉर्मवर लिहिणार की पहिल्यात भार अर्धवट होता. आणि जुन्या फॉर्मवरही लिहिणार की माझी 'पूर्ण'ची खूण चुकीची आहे."

"खूण तुमची आहे हे लक्षात ठेवा. बोट तुमच्याकडे जाईल."

"मग माझ्याकडेच जायला हवं ना."

"आणि नोकरी?"

लेकीची शाळा, सासूबाईंची औषधं, नवऱ्याचं कधी असलेलं कधी नसलेलं काम, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती भित्रीच बाई होती. तिनं खुर्चीच्या पाठीला हात लावला, मग तो काढून घेतला.

"नोकरीचं तुम्ही ठरवा. फॉर्म मी आत्ता लिहिते," ती म्हणाली, आणि तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून लिहायला लागली.

डॉक्टर तिच्या पेनाकडे पाहत राहिले. कागद एकदा लिहिला गेला की त्याच्या विरुद्ध रिपोर्टवर सही करणं किती महागात पडेल, ह्याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होता. दया किंवा लाज शोधूनही सापडली नसती. शेवटी त्यांनी रिपोर्ट टाईप केला. 'आधीच्या तपासणीत पायावर पुरेसा भार नव्हता. आजची फट जुन्या दुखापतीशी जुळणारी आहे.' मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं दोन बोटांत पेन धरून त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट डाग उमटला होता. तिनं तो स्पिरिटनं पुसला. डाग गेला नाही.

बुधवारी इस्त्रीवाली रिपोर्ट न्यायला आली. सांभाळबाईनं तिला आपल्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. बारचं, खुणेचं, अकरा महिन्यांपूर्वीचं. सांगताना मध्ये कुठे थांबायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. शेवटी म्हणाली, "माफी मागते."

इस्त्रीवाली ऐकताना मोज्याच्या भोकात बोट घालून ते मोठं करत होती.

"तेव्हा तुम्ही काय बघत होतात, बाई?"

"काचेतून तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही पडाल म्हणून."

"पडले असते तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी पायाकडे बघितलं असतं."

सांभाळबाईनं वाकून बाईच्या पायाखाली स्टूल सरकवायचा प्रयत्न केला. इस्त्रीवालीनं पाय मागे घेतला.

"राहू द्या. हात नका लावू."

ती हे रागानं म्हणाली नाही. ताटात झुरळ निघालं की माणूस ताट बाजूला सारतो, तसं म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली, "तो अकरा महिन्यांमागचा कागद माझ्या नवऱ्यानं टीव्हीच्या मागं लावून ठेवलाय. मी कण्हले की काढतो आणि वाचून दाखवतो. दोन्ही पाय सारखे. नणंद आली की तिलाही वाचून दाखवतो. अकरा महिने मी पाणी भरताना, भांडी घासताना तोंड दाबून उभी. शेवटी मलाच वाटायला लागलं की मी खोटी असेन. पाचर माझ्या डोक्यात असेल."

"डोक्यात नाही."

"आता कळलं. पण माफी घेऊन मी काय करू? कुठे ठेवू ती?" तिनं हात पुढे केला. "कागद द्या. आणि दोन प्रती द्या. एक उद्या समितीला. एक घरी."

सांभाळबाईनं दोन प्रती काढल्या. इस्त्रीवालीनं दुसरी उघडून पाहिली आणि परत केली.

"ही डॉक्टरी भाषा त्याला कळायची नाही. तो त्यातूनही काहीतरी माझ्या विरुद्ध शोधेल. खाली साध्या भाषेत लिहा. तुमच्या हातानं."

सांभाळबाईनं पेन घेतलं. लिहिलं, 'ह्यांचा डावा पाय अकरा महिन्यांपूर्वीही असाच दुखावलेला होता. त्या खोटं बोलत नव्हत्या. चूक आमची झाली.'

इस्त्रीवालीनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"आमची म्हणजे कुणाची?"

सांभाळबाईनं तो शब्द खोडला आणि वर 'माझी' लिहिलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. मग खणातून सेंटरचा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि दोन्ही प्रतींवर मारला.

"शाई वाळू द्या," ती म्हणाली.

"वाळेल रस्त्यात," इस्त्रीवाली म्हणाली. कागदाची शाईची बाजू वर ठेवून तिनं दोन्ही प्रती हातात आडव्या धरल्या, आणि त्या तशाच धरून, डाव्या पायानं लंगडत, दाराबाहेर गेली.